दोन ओढींमधला ब्रिज

इलेक्ट्रिक गिटारच्या खोक्यात एक वाकडी, चकचकीत दांडी वेगळ्या पिशवीत घालून दिलेली असते. पहिल्यांदाच गिटार घेतलेला मुलगा ती ब्रिजच्या भोकात फिरवून बसवतो, दाबून पाहतो आणि सहाही तारांचा सूर एकदम खाली घसरताना ऐकून हरखतो. दांडी सोडतो तेव्हा गिटार बेसूर झालेली असते. तो पुन्हा खुंट्या पिळतो, पुन्हा दांडी दाबतो, पुन्हा तेच. आठवड्याभरात दांडी पिशवीत जाते आणि पिशवी कपाटात. पुढे कित्येक वर्षं तो गिटार वाजवतो, पण त्या वाद्याचा सगळ्यात बोलका भाग मुका राहतो. ही पुस्तिका त्या दांडीसाठी आहे, आणि ती ज्या यंत्रणेचं टोक आहे त्या ट्रेमोलो ब्रिजसाठी.

यंत्रणा बहुतेक वेळा बिघडलेली नसते, ती नीट लावलेलीच नसते. कारखान्यातून निघालेली गिटार जहाज, गोदाम आणि ट्रक असा प्रवास करत येते. वाटेत हवा पालटते, लाकूड थोडं हलतं, तारा सैलावतात. घरी आल्यावर कुणी फक्त खुंट्या पिळून सूर लावतो आणि ब्रिजकडे पाहतही नाही. गोंदियाच्या वाचकासाठी हा प्रश्न जास्त खरा आहे. मोठं दुकान गाठायचं तर नागपूर, म्हणजे रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. आणि तिथून लावून आणलेली गिटार पावसाळा बदलला की पुन्हा लावावी लागणारच. हे काम स्वतःच्या हाताने येणं ही इथे हौस नाही, गरज आहे.

आधी रचना समजून घेऊ. साध्या गिटारचा ब्रिज बॉडीवर घट्ट बसवलेला असतो. ट्रेमोलो ब्रिज नुसता टेकवलेला असतो. त्याची पुढची कड सहा स्क्रूंच्या किंवा दोन खांबांच्या आधाराने थांबते आणि त्याच कडेवर तो मागेपुढे कलतो. ब्रिजच्या पोटाखाली धातूचा जड ठोकळा असतो, तो बॉडीतल्या आरपार खाचेतून मागच्या बाजूला निघतो. मागचं प्लास्टिकचं झाकण उघडलं की हा ठोकळा दिसतो, त्याला अडकवलेल्या तीन ते पाच स्प्रिंगा दिसतात, आणि स्प्रिंगांची दुसरी टोकं धरून बसलेली पट्टी दिसते. या पट्टीला क्लॉ म्हणतात. क्लॉ दोन लांब स्क्रूंनी लाकडात रुतवलेला असतो. पुढून तारा ब्रिजला नटकडे, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीकडे, ओढतात, मागून स्प्रिंगा ठोकळ्याला ओढून ब्रिज खाली दाबू पाहतात. दोन्ही ओढी जिथे जुळतात तिथे ब्रिज थांबतो.

ही ओढ लहान नाही. ०.००९ ते ०.०४२ इंच जाडीचा तारांचा संच नेहमीच्या सुरांत लावला की सहा तारांचा मिळून ताण सुमारे ३८ किलो भरतो. धान खरेदी केंद्रावर भरलेलं ४० किलोचं पोतं ज्याने पाठीवर घेतलं असेल त्याला हा आकडा अंगावर कळेल. जवळजवळ तेवढी ओढ तळहाताएवढ्या पत्र्यावर रात्रंदिवस चालू असते. संच ०.०१० ते ०.०४६ चा घेतला तर तोच ताण सुमारे ४७ किलोंवर जातो. स्प्रिंगांना मात्र इतका जोर लावावा लागत नाही. तारा टेकूच्या थोड्याच वरून ओढतात आणि स्प्रिंगा ठोकळ्याच्या खालच्या टोकाला, टेकूपासून बऱ्याच लांब. तरफेच्या नियमाने कमी जोरात काम भागतं. शाळेच्या विज्ञानातली तरफ इथे रोज वापरात असते.

या एका समतोलातून ट्रेमोलोच्या सगळ्या तक्रारी जन्मतात. एक तार चढवली की एकूण ओढ वाढते, ब्रिज किंचित पुढे कलतो, आणि बाकी पाच तारा उतरतात. म्हणून सहावी तार लावून होईपर्यंत पहिली बिघडलेली असते. वाजवताना एक तार बोटाने ताणून मींड घेतली की सोबत वाजणाऱ्या तारा खाली जातात. कार्यक्रमात एक तार तुटली की उरलेल्या पाच चढतात आणि गाणं तिथेच थांबतं. पक्क्या ब्रिजच्या गिटारवर यातलं काहीच होत नाही. तरीही सत्तर वर्षं झाली, वादक या ब्रिजला सोडायला तयार नाहीत.

कारण सुराला मधल्या जागा हव्या असतात. गिटारच्या मानेवर पडदे पक्के ठोकलेले, प्रत्येक सुराची जागा ठरलेली. स्पॅनिश पद्धतीने धरलेल्या गिटारवर एका सुरातून दुसऱ्यात वाहत जाणं अवघड. हवाईयन गिटार मात्र मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवतात आणि ती अखंड गाते. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत आणलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरचा त्यांचा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा १९६० च्या दशकातला अल्बम मराठी घरांतही आवडीने ऐकला गेला. ट्रेमोलो ब्रिजची मुळं याच ओढीत आहेत. उभ्या धरलेल्या गिटारला हवाईयन गिटारचं वाहणं मिळावं, अशी वादकांची मागणी होती.

ती मागणी पुरवण्याचे प्रयत्न जुने. डॉक कॉफमन यांच्या व्हायब्रोला या यंत्रणेला १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट मिळालं. पुढे पॉल बिग्सबी यांनी वादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्या आग्रहावरून स्प्रिंगवर टेकलेली दांडी असलेली यंत्रणा बनवली. ती आजही मिळते. पण आजच्या बहुतेक गिटारींवर जी रचना दिसते ती लिओ फेंडर यांची. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्त करत यंत्रं घडवायला शिकलेला हा माणूस स्वतः गिटार वाजवत नव्हता. वादकांना दुकानात बोलवायचं, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि कामाला लागायचं, ही त्यांची पद्धत. स्ट्रॅटोकास्टर घडवताना त्यांच्या हाताशी फ्रेडी तावारेस होते, हवाईत जन्मलेले, स्वतः स्टील गिटार वाजवणारे. त्या गिटारसाठी केलेली पहिली ट्रेमोलो रचना मनासारखी वाजेना. सूर टिकत नव्हता. ती टाकून देऊन फेंडर यांनी नवी रचना केली, जड ठोकळ्याची. स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आली आणि त्या ट्रेमोलोचं पेटंट एप्रिल १९५६ मध्ये मंजूर झालं. आज स्वस्तातल्या स्वस्त गिटारच्या पोटात जो ठोकळा आणि ज्या स्प्रिंगा दिसतात, त्यांचा आराखडा तोच आहे.

फेंडर यांनी जे योजलं होतं ते सौम्य कंपन होतं, सूर जरासा हलवण्यापुरतं. गिटारवादक हँक मार्विन यांनी ते तसंच वापरलं. १९६० च्या 'अपाची'मध्ये दांडीवरचा त्यांचा हात ऐकू येतो, अगदी हलका. जिमी हेंड्रिक्स यांनी ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला तीच दांडी पार बॉडीपर्यंत दाबली. १९७८ मध्ये एडी व्हॅन हेलन यांच्या पहिल्या अल्बमवर गिटार गुरगुरत खाली जाते आणि परत सुरात येते, तीही फेंडरच्या धाटणीच्या साध्या ब्रिजवर. नट, खुंट्या आणि तारा यांच्यावर किती काम केलं तर साधा ब्रिजही परत येतो, याचा तो ऐकण्याजोगा पुरावा आहे. मग आले फ्लॉइड रोझ. हा वादक दागिने घडवण्याचं काम जाणत होता. तारा नटपाशी आणि ब्रिजपाशी दोन्हीकडे पकडून ठेवायच्या, म्हणजे घसरायला जागाच उरणार नाही, ही त्यांची कल्पना; १९७९ मध्ये तिला पेटंट मिळालं आणि पुढच्या दशकातलं रॉक संगीत तिच्यावर उभं राहिलं.

पण या दांडीचं सगळ्यात सुंदर काम गर्जनेत नाही. जेफ बेक यांचं १९८९ चं 'व्हेअर वेअर यू' ऐकावं. त्यात हार्मोनिक छेडून सूर दांडीने घडवलेले आहेत, एकातून दुसऱ्यात वाहत जाणारे. रागसंगीत ऐकत वाढलेल्या कानाला त्यात मींड ऐकू येईल. या पुस्तिकेचा कलही तिकडेच आहे. दांडी दाबून तारा लोंबकळवणं दोन मिनिटांत जमतं. कोमल रेवरून षड्जावर दांडीने अचूक उतरायला मात्र कान लागतो, आणि नीट लावलेला ब्रिज लागतो. गणित सोपं आहे. सूर तारेच्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. षड्जावरून कोमल रेवर चढायला ताण सुमारे बारा टक्क्यांनी वाढावा लागतो, शुद्ध रेवर जायला सुमारे सव्वीस टक्क्यांनी. उलट एक सप्तक खाली जायला ताण चौथाईवर आणावा लागतो. इतक्या उलथापालथीनंतर ब्रिज केसभरही न चुकता मूळ जागी यायला हवा. तो येतो की नाही, हाच सेटअपचा सगळा प्रश्न.

महाराष्ट्रात या वाद्याचा रस्ता मुंबईवरून गेला. आर्थिक उदारीकरणाआधी परदेशी गिटार मिळवणं कठीण होतं. आयात कर जड, त्यामुळे परदेशातून येणारा नातेवाईक किंवा जहाजावरचा खलाशी हाच दुकानदार. कोलकात्याच्या गिवसनसारख्या देशी गिटारींवर अनेकांनी हात बसवला. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला, त्यात गिटारवर महेश तिनईकर होते. पुढे १९९३ मध्ये बँडने इंडस क्रीड हे नाव घेतलं. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला आणि तिथे मुंबईच्या पोरांनी हा आवाज समोर उभं राहून ऐकला. नंतरच्या पिढीत झीरो या बँडमधून पुढे आलेले वॉरन मेंडोन्सा यांनी आपल्या प्रकल्पाला ब्लॅकस्ट्रॅटब्लूज असं नाव दिलं, ते आपल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरवरून. त्यांच्या संथ रचनांमध्ये दांडीचा वापर कानाला सहज सापडतो, आणि नवशिक्याने अभ्यासायला तो फार चांगला आहे.

महाराष्ट्राला हलत्या ब्रिजची नाही, पण बारकाईने लावलेल्या ब्रिजची परंपरा मोठी आहे. मिरजेत तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढणारे कारागीर पिढ्यान्पिढ्या हेच करत आले आहेत. घोडीच्या माथ्याचा कल कानशीने इतका हलका बदलायचा की डोळ्याला दिसू नये आणि कानाला कळावा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातांमुळे. त्यांचा एक धडा गिटारवाल्याने जसाच्या तसा उचलावा: थोडं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, मगच पुढचा हात. तारा सगळ्या उतरवून, सगळं एकदम बदलून, शेवटी काय होतं ते पाहायचं, ही पद्धत तंबोऱ्यावर चालत नाही आणि ट्रेमोलोवरही चालत नाही.

आता गोंदियाची हवा. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तळी, धानाची खाचरं आणि जंगल यांचा हा मुलूख. वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि हिवाळ्यात रात्री दहा अंशांच्या खाली. गिटारसाठी हे तिन्ही ऋतू वेगवेगळे शत्रू आहेत. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, मानेचा बाक बदलतो आणि तारांची उंची पडद्यांवर कमीजास्त होते. याच दिवसांत पोलादी तारा आणि ब्रिजचे स्क्रू गंजतात. ब्रिज ज्या कडेवर कलतो ती कड गंजली की घर्षण वाढतं, आणि ब्रिज परत येताना अलीकडेच थांबतो. उन्हाळ्यात उलट लाकूड सुकून आकसतं. पडद्यांची टोकं मानेच्या कडेला हाताला टोचू लागतात, हे कोरड्या हवेचं लक्षण. गिटार उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये, पत्र्याखालच्या भिंतीला टांगू नये.

हिवाळ्याचं प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण या भागातल्या कलेचा हंगाम तोच. दिवाळीनंतर धान निघू लागतं, गावोगाव मंडई भरते, आणि झाडीपट्टीची नाटकं होळीपर्यंत रात्र रात्र चालतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांचा हा रंगमंच, वडसा हे त्याचं मोठं केंद्र. २०२३ मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या देशाने त्याची दखल घेतली. पेटी आणि तबल्यावर उभ्या असलेल्या या नाटकांत तबलजीला आपलं वाद्य पुन्हापुन्हा लावावं लागतं, कारण मध्यरात्रीनंतर थंडी उतरते आणि चामडं बदलतं. उघड्या मंडपात इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसणाऱ्यावर तीच वेळ येते. हवा थंड झाली की पोलादी तार आकसते आणि सूर चढतो. दहा अंशांचा फरक कानाला कळेल इतका असतो.

इथे हलत्या ब्रिजचा एक गुण कामाला येतो, ज्याची चर्चा फारशी होत नाही. सगळ्या तारा आकसल्या की त्या ब्रिजला पुढे ओढतात, स्प्रिंगा थोड्या ताणतात, आणि एकूण ताण जवळपास पूर्वीइतकाच राहतो. पक्क्या ब्रिजवर ही सवलत नाही. पण जाड आणि बारीक तारा सारख्या प्रमाणात बदलत नाहीत, म्हणून त्यांच्यातला आपसातला हिशेब चुकतोच आणि सूर पुन्हा लावावे लागतात. उपाय साधा आहे: गिटार खोक्यातून काढून कार्यक्रमाच्या जागेच्या हवेत अर्धा तास राहू द्यावी, मग लावावी. गरम खोलीत लावून थंड मंडपात नेलेली गिटार पहिल्याच गाण्याला दगा देते.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम, आणि या पुस्तिकेचा सगळा भर क्रमावर आहे. ब्रिजच्या एका गोष्टीला हात लावला की दुसऱ्या दोन बदलतात. चुकीच्या क्रमाने गेलं तर माणूस गोल गोल फिरत राहतो.

सुरुवात तारांपासून. कोणत्या जाडीच्या तारा वापरायच्या ते आधी ठरवावं आणि पुढे तोच संच ठेवावा, कारण जाडी बदलली की ३८ आणि ४७ किलोंमधला तो फरक थेट स्प्रिंगांवर येतो. नवी तार चढवल्यावर हाताने हळूच ओढून ताणावी, पुन्हा लावावी, असं तीन-चारदा करावं. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत; सात-आठ वेढ्यांच्या गुंडाळीत तार सरकत राहते आणि दोष ब्रिजवर येतो.

मग मान. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चाप, लावायचा, मान बॉडीला जिथे मिळते तिथला पडदा बोटाने दाबायचा आणि आठव्या पडद्यावर तार व पडदा यांच्यातली फट पाहायची. सुमारे पाव मिलिमीटर फट असावी. कमीजास्त असेल तर मानेच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवायचा, पण एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही, आणि प्रत्येक वेळी सूर पुन्हा लावून फट पुन्हा मोजायची. रॉड फिरत नसेल तर जोर लावू नये. तुटलेला ट्रस रॉड घरी दुरुस्त होत नाही.

त्यानंतर ब्रिजचा टेकू. सहा स्क्रूंचा ब्रिज असेल तर कामाचे स्क्रू कडेचे दोन. ते इतकेच खाली आणावेत की ब्रिजची कड त्यांच्यावर टेकेल पण बॉडीवर दाबली जाणार नाही. मधले चार दीड मिलिमीटरच्या आसपास वर ठेवावेत, म्हणजे ते ब्रिजला अडवणार नाहीत. कारखान्यातून आलेल्या अनेक स्वस्त गिटारींत सहाही स्क्रू घट्ट पिळलेले असतात, आणि 'ट्रेमोलो सुरात राहत नाही' या तक्रारीचं मूळ तिथेच निघतं. दोन खांबांच्या ब्रिजवर हा त्रास कमी. तिथे मात्र खांबांची उंची बदलताना तारा सैल करायला विसरू नये. ताणाखाली खांब फिरवला तर ब्रिजची धार बोथट होते, आणि बोथट धार पुन्हा नीट काम देत नाही.

आता क्लॉ, म्हणजे खरा हिशेब. आधी सूर लावायचा आणि ब्रिजच्या मागच्या कडेखालची फट पाहायची. फेंडरच्या शिफारशीप्रमाणे तरंगत्या, म्हणजे बॉडीला न टेकलेल्या, ब्रिजखाली सुमारे ३.२ मिलिमीटर फट असते. फट जास्त असेल तर तारा जिंकत आहेत, क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्धा फेरा आवळायचे. फट कमी असेल तर सैल करायचे. दोन्ही स्क्रू सारखेच फिरवायचे, मग पुन्हा सहाही तारा लावायच्या, मग पुन्हा पाहायचं. हे तीन-चारदा करावं लागतं आणि त्याला दुसरी वाट नाही. वेळ वाचवायचा असेल तर एक चांगली युक्ती आहे. ब्रिज हव्या त्या उंचीवर धरून मागच्या झाकणाखालच्या खणातल्या ठोकळ्यामागे योग्य जाडीचा लाकडाचा तुकडा किंवा पत्त्यांची जुडी अडकवायची, तारा निवांत सुरात लावायच्या, मग तुकडा सैल होऊन निघेपर्यंत क्लॉ जुळवायचा. तुकडा निघाला आणि सूर जागेवर राहिला की समतोल साधला.

या खणात हात घालताना एक काळी तार दिसेल, क्लॉला डाखलेली. ती कापू नये, ओढू नये. गिटारच्या तारा, ब्रिज आणि स्प्रिंगा या सगळ्यांची अर्थिंग त्या एका तारेतून होते. ती तुटली की ॲम्प्लिफायर सतत घोंघावतो. मंडपातला तीन पिनांचा सॉकेट अर्थिंगशिवाय असेल तरीही तसाच आवाज येतो, आणि तिथे प्रश्न नुसत्या आवाजाचा राहत नाही, वादकाच्या जिवाचा होतो. विजेची जोडणी तपासून घेणं हा सेटअपचाच भाग मानावा.

मग तारांची उंची. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असलेल्या सॅडलला दोन, असे बारा बारीक ॲलन स्क्रू असतात. सतराव्या पडद्यावर तारेखाली सुमारे १.६ मिलिमीटर अंतर हे चालणारं माप. मधल्या तारा मानेच्या गोलाईप्रमाणे किंचित वर. सॅडल तिरका राहू देऊ नये. आणि अगदी शेवटी इंटोनेशन, म्हणजे तार सगळ्या पडद्यांवर सुरात वाजणं. स्ट्रॅट धाटणीच्या गिटारमध्ये नट ते बारावा पडदा हे अंतर ३२४ मिलिमीटर असतं आणि तिथून सॅडलपर्यंत जवळपास तेवढंच, थोडं अधिक. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवून पाहायचे. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. हे काम आधी केलं आणि नंतर ब्रिजची उंची बदलली तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून त्याची जागा शेवटची.

एवढं करूनही दांडी दाबल्यावर सूर हलत असेल तर ब्रिजला दोष देण्याआधी नट पाहावा. दांडी खोल दाबून सोडली आणि तार चढी राहिली, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे हे जवळजवळ नक्की समजावं: सैल झाल्यावर ती खुंटीकडे ओढली गेली आणि परत आली नाही. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं की पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. खाच अरुंद असेल तर ती रुंद करण्यासाठी योग्य जाडीची कानस लागते आणि अनुभवी हात लागतो.

ब्रिज तरंगता ठेवावा की बॉडीला टेकवून, यावर वादकांत कायमचे दोन तट आहेत. एरिक क्लॅप्टन यांनी तर खणात लाकडाचा ठोकळा बसवून आपला ब्रिज पक्काच करून टाकला, आणि ते पुढेही तसेच वाजवत राहिले. जेफ बेक तरंगत्या ब्रिजशिवाय जेफ बेक झाले नसते. दोन्ही बरोबर आहेत. नवशिक्यासाठी मात्र या पुस्तिकेचं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्षभर ब्रिज बॉडीला टेकवून ठेवावा, क्लॉ थोडा अधिक आवळून, म्हणजे दांडी फक्त खाली जाईल. सूर टिकतो, तार तुटली तरी गाणं पुरं होतं, बोटाने मींड घेताना बाकी तारा ढळत नाहीत. कान पक्का झाला, हंगामाहंगामात गिटार कशी बदलते हे कळलं, की मग ब्रिज सोडवून तरंगता करावा. वरच्या दिशेला मिळणारी ती अर्ध्या-पाऊण सुराची मोकळीक तेव्हा उपयोगाची ठरते.

फ्लॉइड रोझ असलेली गिटार पहिली गिटार म्हणून घेऊ नये. यंत्रणा उत्तम आहे, पण तार बदलायला ॲलन की, दोन टोकांचे चाप आणि भरपूर धीर लागतो. स्वस्त नकलेतलं पोलाद मऊ असतं आणि ब्रिजची धार लवकर झिजते. शिकायला सहा स्क्रूंचा साधा ब्रिजच चांगला, कारण त्यात काय चाललं आहे ते डोळ्यांनी दिसतं.

कामाला लागणारं सामान थोडं आहे: क्लॉला बसेल असा मजबूत फुली स्क्रूड्रायव्हर, सॅडलसाठी बारीक ॲलन की (गिटारीनुसार १.३ किंवा १.५ मिलिमीटरची), ट्रस रॉडची किल्ली, मिलिमीटरच्या अर्ध्या रेघा दाखवणारी पोलादी पट्टी, फीलर गेज आणि एक ट्यूनर. फीलर गेज मोटारसायकल मेकॅनिककडे असतं, तेच चालतं. स्प्रिंग काढताना डोळ्यांवर चष्मा असावा.

पहिला स्क्रू फिरवण्याआधी वाचकाने एका वहीत आहे ती सगळी मापं लिहून ठेवावीत: मानेची फट, सतराव्या पडद्यावरची उंची, ब्रिजखालची फट, स्प्रिंगांची संख्या, तारांची जाडी आणि तारीख. जून, ऑक्टोबर आणि जानेवारीत हीच मापं पुन्हा घ्यावीत. आणि तारा बदलताना सहाही एकदम काढू नयेत. एक काढावी, नवी लावून सुरात आणावी, मगच पुढची काढावी.